समुद्र तापला त्या साली

पुणे, २२ मे २०२३

चि. बजरंग यास सत्यशीलाताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांचं आपलं एकच, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, पत्र लिही. म्हणून लिहितेय. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि शाळेतल्यासारख्या ओळी गाळू नकोस!

आमच्या हवामानाच्या ऑफिसात सगळे एकाच काळजीत आहेत. पार पलीकडचा पॅसिफिक समुद्र तापत चाललाय. तिथलं पाणी तापलं की ढग तिकडंच जमतात आणि आपल्याकडे येणारे वारे ढिले पडतात. याला अल निनो म्हणतात. यंदा पाऊस कमीच दिसतो. माळावरच्या चाऱ्याच्या भरवशावर राहू नका, नदीकाठची हिरवळ पुरवून पुरवून चारा.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. तुम्हा सगळ्यांची माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई

(मागील पान) ता. क. कमी म्हणजे चार महिन्यांचा मिळून कमी. अशा सालातही एखाद्या दिवशी बेफाम कोसळतो, आणि तो दिवस मला आत्ता सांगता येत नाही. दिवसा नदीकाठी चारा, पण रात्री मेंढ्या कोंडायचं वाडगं दरवर्षीसारखं माळावरच न्या.

डोंगरकडा, ५ जुलै २०२३

ती. ताईस बजरंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू लिहिलं बराबर तसंच झालं. मृग कोरडा गेला. यंदा टिटवीनं अंडी उंच बांधावर घातली, म्हंजी बाबाच्या हिशोबानं पूर येनार. तरी बाबानं वाडगं हालवलं न्हाई, कयाधू नदीच्या वाळूतच ठेवलं. लोकं म्हनले, संपतराव, यंदा माळावर काहून न्हाई गेले? तर छाती फुगवून म्हनतात, माही लेक समुद्र पाहून सांगून राहिली, टिटवीनं कुटं पाह्यला समुद्र!

काळी मेंढी व्याली. कोकरू लई नखऱ्याचं, म्हनून नाव पुनेकरीन ठेवलं. राग मानू नको, लोभ ठेव.

बजरंग

डोंगरकडा, २ ऑगस्ट २०२३

ती. ताईस नमस्कार.

बाबाची तेरवी करून तू गेलीस, तवापासून भाकर गोड लागंना. तुला खोटं बोललो.

त्या दिवशी आमच्यावर थेंब न्हवता. पाऊस वर सेनगावाकडं पडला, अन् भर दुपारी पानी आलं. मी पुनेकरीनला घेऊन काठावर चढलो. बाबा वाडग्यात बांधलेल्या बाकी कोकरांच्या दोऱ्या सोडत राहिले. हे तुला ठावं हाय. तू इचारलंस, मागचं पान वाचलं व्हतं का. मी म्हनलो, व्हय, बाबानंच ऐकलं न्हाई.

म्या वाचलंच न्हवतं, ताई. बाबानं इचारलं व्हतं, मागं काय हाय रे? मेंढ्या उधळल्या व्हत्या, मला घाई. म्हनलो, काई न्हाई, निस्ता नमस्कार-चमत्कार.

आई रोज बाबालाच बोल लावून राहिली, शिकल्या लेकीचं ऐकलं न्हाई म्हनून. मला सहन होईना. काल तिला समोर बसवून ते पान मोठ्यानं वाचलं. एकबी ओळ गाळली न्हाई. तिनं ते पान माह्या हातातून घेतलं, घडी करून बाबाच्या पागोट्यात ठेवलं.

लोभ ठेव म्हनायला मला तोंड न्हाई.

बजरंग