न पुसलेली नीरा

कोथरूड
मंगळवार, ९ मे २०२३

प्रिय जैनब,

तुला आठवतं का, असं मी हल्ली तुला विचारत नाही. विचारलं की तुझा चेहरा उतरतो. आज मात्र विचारते. १९८१ सालच्या सप्टेंबरमधला एक शनिवार. आपल्याला शाळेत लागून तीन महिने झाले होते, शिपाई रजेवर होता आणि सातवी 'ब'चा फळा इतका पांढुरका झाला होता की त्यावर खडू दिसायचाच नाही. शाळा सुटल्यावर तू बॅटरीचे जुने सेल दगडाने फोडून त्यांतली काळी पूड काढलीस, मी कुंपणावरच्या भोपळ्याची पानं तोडून आणली, आणि प्रयोगशाळेतल्या खलात दोन्ही वाटून आपण तो फळा सारवला. कोपरापर्यंत हात काळे झाले. तू म्हणालीस, "काय शालू, तुमच्या कॉन्व्हेंटात असलं शिकवलं नसेल!" मी म्हटलं, "नाही बाई, आम्हाला फक्त हात स्वच्छ ठेवायला शिकवलंय." त्यावर तू खाली बसून हसलीस. मग तसल्याच हातांनी फुटाणे खाल्ले, आणि फळा वाळेपर्यंत तू सांगत राहिलीस की तुझे आजोबा कसबा पेठेत हातकागद बनवायचे, ओला कागद भिंतीला लावून वाळवायचे, आणि तो वाळेपर्यंत तुम्हा पोरांना भिंतीजवळून जाताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागायचा.

हे सगळं मला जसं आठवतं, तसंच तुलाही आठवतं. पुढचं वाचताना एवढं धरून ठेव.

माझ्या वडिलांनी कोथरूडची शेती तुकड्यातुकड्याने विकली आणि पहिल्या तुकड्याच्या पैशांतून मला कॅम्पातल्या शाळेत घातलं. तिथे मी इंग्रजी शिकले आणि हळू बोलायला शिकले. सिस्टर सांगायच्या, आवाज चढवू नका, हसून सांगा, माणसं ऐकतात. खरंच ऐकतात गं. तू चाळीस वर्षं ऐकत आलीस. चॅपलच्या कोपऱ्यात एक लाकडी खोली होती. ख्रिस्ती मुली आत जाऊन काहीतरी पुटपुटायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. मी बाहेर उभी राहून विचार करायचे, किती सोपं आहे. मला आज हलकं व्हायचं नाही. म्हणून हे मी तुझ्यासमोर बसून बोलत नाही. समोर असते तर तू उठून माझे डोळे पुसले असतेस.

तुझा भूगोलाचा तास मी दाराआडून किती वेळा पाहिला, तुला कल्पना नाही. तू तयार नकाशा कधी भिंतीवर टांगला नाहीस. म्हणायचीस, नकाशा मुलांच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे, नदी उगमापासून निघाली पाहिजे, खडू वळला की चाळीस माना वळल्या पाहिजेत. आणि तुझी ती खोड! दर तासाला एक चूक मुद्दाम करायचीस. कधी गोदावरी अरबी समुद्राला मिळवायचीस, कधी सातारा कोकणात नेऊन ठेवायचीस, आणि काही न झाल्यासारखी पुढे बोलत राहायचीस. मग वर्गातून एकच गलका व्हायचा, "बाई, चुकलात! पुसा!" तू कपाळाला हात लावायचीस, पुसायचीस आणि ज्याने आधी ओळखलं त्याच्याच हातात खडू द्यायचीस. चूक पकडायला मिळेल म्हणून मुलं पूर्ण तास डोळे लावून बसत. तू म्हणायचीस, "शिक्षक चुकतो आणि पुसतो, हे मुलांनी बघायलाच हवं. नाहीतर ती चुकायला घाबरतात."

माझ्या तासाला मुलं वळवळत. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता आणि मला सरळ रेघही काढता येत नव्हती. म्हणून मी यंत्रांच्या मागे लागले. आधी टेपरेकॉर्डर आणला, मग स्लाइड प्रोजेक्टर, मग संगणक. सगळ्यांना सांगायचे, यंत्र भेदभाव करत नाही, चांगल्या आणि बेताच्या शिक्षकाला एका पातळीवर आणतं. लोकांना ते पुरोगामी वाटायचं. खरं म्हणजे मला तुला माझ्या पातळीवर आणायचं होतं.

२००९ साली हिंदुरावने शाळेला तो मोठा डिजिटल फळा दिला. हिंदुराव माझा चुलतभाऊ, संस्थेचा अध्यक्ष, त्यामुळे फळा कुणाच्या शब्दाने आला हे सांगायला नको. सभेत तू एकटीच उठून बोललीस. "यात सगळं साठून राहतं म्हणता, मग मुलांनी चुकायचं कुठे?" हिंदुराव म्हणाला, "बाई, तुम्ही पाटीवर शिकलात म्हणून पोरांनी पण पाटीच घासायची का?" सगळे हसले. मी हसले नाही. मी गोड आवाजात सुचवलं की उद्घाटनाचा पहिला पाठ जैनबबाईंनीच घ्यावा, म्हणजे त्यांची भीती जाईल.

तू चिडशील असं मला वाटलं होतं. तू दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आलीस. "शिकव बाई. आता आलंच आहे तर नीट यायला हवं." दोन आठवडे शाळा सुटल्यावर आपण त्या फळ्यासमोर बसलो. त्याच्याखाली एक खाचांची पट्टी होती, तिच्यात चार रंगांचे बिनशाईचे पेन. तू विचारलंस, शाई नाही तर रंग कळतो कसा? मी सांगितलं, पेनाला काही कळत नाही, कुठली खाच रिकामी झाली ते पट्टीला कळतं. काळ्याच्या खाचेतून काहीही उचललं तरी पडद्यावर काळीच रेघ उमटते. तू ते वहीत लिहून घेतलंस. शेवटच्या संध्याकाळी तुला पडदा हळूहळू उघडायची सोय सापडली. मला ती माहीतसुद्धा नव्हती. तू नकाशा झाकलास आणि भीमाशंकरपासून एकेक बोट उघडत गेलीस. रिकाम्या वर्गात मी एकटी बसले होते आणि माझी मान तुझ्या हाताबरोबर वळत होती. जैनब, त्या क्षणी मला कळलं की यंत्रसुद्धा तुझंच होणार. सेवाज्येष्ठतेत तू माझ्यापुढे दोन दिवस होतीस, मुख्याध्यापकपद तुझ्याकडे जाणार होतं, लोक म्हणतील त्यासाठी केलं. त्यासाठी नव्हतं केलं. माझी मान वळली म्हणून केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उद्घाटनाचे हार-तुरे चालू असताना, मी पट्टीतला काळा पेन उचलून पर्समध्ये टाकला आणि त्या खाचेत तक्त्यांवर लिहायचा पक्क्या शाईचा मार्कर ठेवला. तसले मार्कर तुझ्याच पिशवीत नेहमी असायचे.

पुढचं तुला मी सांगायची गरज नाही, पण सांगते, कारण तू ते तेरा वर्षं उलटं वाचत आलीस. तू भीमा काढलीस. पडद्यावर काळी रेघ आली, तिच्याखालीच शाईचीही आली, कुणालाच काही दिसलं नाही. मग तुझ्या सवयीप्रमाणे तू नीरा काढलीस आणि ती भीमेऐवजी कृष्णेला नेऊन मिळवलीस. मुलं टपलेलीच होती. "बाई, चुकलात! पुसा!" तू हसत कपाळाला हात लावलास आणि पुसलंस. पडद्यावरची रेघ गेली. शाईची राहिली. मुलांना वाटलं, बाईंची आज दुहेरी गंमत आहे. ती आणखी मोठ्याने ओरडली, "पुसा! पुसा!" तू पुन्हा पुसलंस. मग नखाने खरवडलंस. मग ओढणीचं टोक ओलं करून घासायला लागलीस, पाहुण्यांकडे पाठ करून, आणि मुलं टाळ्या वाजवत होती. तूच त्यांना ते शिकवलं होतंस. हिंदुराव माइकवरून म्हणाला, "नीरा आमच्या फळ्यावर बारमाही झाली म्हणायची!" सभागृह हसलं. या वेळी मीही हसले.

लोक चार दिवसांत विसरले असते. तू मला विचारलंस, "शालू, माझाच मार्कर मी तिथे ठेवला असेन का गं? मला काही आठवतच नाही." तुझी अम्मी शेवटी तुला ओळखत नव्हती, हे मला माहीत होतं. मी तुझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "होतं गं. वय झालं आपलं." एकावन्न वर्षांची होतीस तू. तुला डॉक्टरकडे मीच नेलं. त्यांनी तासभर प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली आणि कागद देऊन सांगितलं की काहीही झालेलं नाही. रिक्षात मी म्हणाले, "डॉक्टर लोक तोंडावर सांगत नाहीत." कागद तू मागितलास, तर म्हणाले, "मी ठेवते, तू हरवशील." महिन्याभरात तू राजीनामा दिलास. निरोप समारंभात भाषण मी केलं. फार हृद्य झालं, असं सगळे म्हणाले.

मग मी सात वर्षं मुख्याध्यापिका होते. वर्गावर्गात तसले फळे लावले. त्यांत वाईट काही नव्हतं. ज्या नव्या शिक्षिका शिकवू शकत होत्या त्यांनी त्यांच्यावर छान शिकवलं, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना त्यांच्यावरही येत नव्हतं. पहिल्या फळ्यावरची शाई स्पिरिटने घासून काढली, पण घासलेल्या जागेची चमक गेली. ऊन पडलं की नीरा दिसायची. माझ्या खोलीसमोरचाच वर्ग होता तो. मी तिथल्या खिडकीला पडदा लावून घेतला.

आणि दर गुरुवारी विश्रांतवाडीला तुझ्याकडे येत राहिले. लोक म्हणतात, मैत्री असावी तर अशी. तुझ्या घरात गॅसपाशी चिठ्ठी, नळापाशी चिठ्ठी, कपाटाच्या आत चिठ्ठी, 'कुलूप लावलं का', 'गोळी घेतली का', सगळ्या तुझ्या त्या सुंदर अक्षरात. एकदाही तुझा गॅस चालू राहिलेला मी पाहिला नाही. मागच्या गुरुवारी तुझी भाची नसीम आली होती. कसब्यातल्या तुमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत ती जूनपासून मुलींचा वर्ग काढते आहे. ती म्हणाली, "फुफी, भूगोल तुम्हीच शिकवायचा." एक क्षणभर तुझा हात हवेत उठला, खडू धरल्यासारखा. मग तू माझ्याकडे पाहिलंस. "मुलींना चुकीचं शिकवलं आणि मला कळलंच नाही तर? शालू, तूच सांग." आणि मी, या वयात, काही मिळायचं उरलेलं नसताना, तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे गं नसीम, त्यांना दगदग नको." तू मान खाली घातलीस. सवयीने बोलले मी. तेच मला सहन झालं नाही. निघताना दारामागची चिठ्ठी पहिल्यांदा नीट वाचली: 'गुरुवार. शालू येणार. तिला सगळं आठवतं, तिला विचारावं.'

म्हणून हे पत्र. आमची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत, कपाटं रिकामी करते आहे, तेव्हा कुणाला काय द्यायचं ते लिहिते. डॉक्टरांचा कागद या पाकिटातच आहे, तो तुझा; स्मरणाच्या चाचणीत तीसपैकी तीस लिहिलंय, खाली तारीख आहे. बिनशाईचा काळा पेन आणि या पत्राची नक्कल हिंदुरावकडे जाईल. विश्वस्तांच्या सभेत त्याने ती माइकवरून वाचावी, त्याला माइक आवडतो. आदर्श मुख्याध्यापिकेचं मानपत्र त्यांच्याबरोबरच परत. सातवी 'ब'चा लाकडी फळा शाळेने भंगारात काढला तेव्हा मी मागून घेतला होता, तो माझ्या गच्चीवर आहे. तो गुरुवारी टेम्पोने कसब्यात नसीमकडे पोचेल. फार पांढुरका झालाय. जुने सेल आणि भोपळ्याची पानं तिच्याकडून मागवून घे, कशी वाटायची ते तुला आठवतंच. टेम्पोबरोबर मी येणार नाही, यापुढे कुठल्याच गुरुवारी येणार नाही. घरातल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं ते तू ठरव. दारामागची मात्र कुणाला देऊ नकोस, जपूनही ठेवू नकोस. ती आधी काढ.

तुझीच म्हणायचा हक्क नसलेली,
शालू