फणसाखालची कोरोला

मासाका,
१२ जून १९९४

तीर्थरूप बाबांस,
नबुकेराचा सा. न. वि. वि.

मोरोटोला ट्रकवर रुजू व्हायला निघताना तुम्ही म्हणालात, कोरोला विकून टाक, आता ती प्रवाशांच्या कामाची राहिली नाही. बाबा, मी ती विकली नाही. रागावण्याआधी पुढचं वाचा. मी तिची शर्यतीची गाडी करतेय!

अंगणातल्या फणसाखाली तिला उभी केली आणि आतलं सगळं उपसलं. मागची सीट, गालिचा, छताचं कापड, दारांचे पुठ्ठे. तळाला चिकटलेला डांबराचा थर छिन्नीनं काढताना तळहात सोलून निघाले, पण आता क्योमुहेंदो आणि मी दोघी मिळून तिला अंगणभर ढकलतो. क्योमुहेंदो माझी शाळेपासूनची मैत्रीण, तुम्हाला आठवत असेल. शर्यतीत शेजारी बसून ती मला वळणं वाचून दाखवणार आहे. सायलेन्सर तर असा बसवलाय की चालू केल्यावर छातीत धडधडतं! शेजारच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं, असं आईचं म्हणणं. ती माझ्याशी बोलत नाही, ताटात मात्र उकडलेल्या केळ्यांचं माटोके नेहमीपेक्षा जास्त वाढते.

ऑगस्टमध्ये निलगिरीच्या लागवडीतल्या कच्च्या रस्त्यांवर शर्यत आहे. नाही म्हणू नका ना.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
नबुकेरा


मोरोटो,
३ जुलै १९९४

चि. नबुकेरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ट्रकच्या पायरीवर बसूनच राहिलो. त्या गाडीतून मी अर्ध्या मासाकाचे नवरदेव पोचवले, अडलेल्या बायका इस्पितळात नेल्या, आणि तू तिच्या छताचं कापड फाडलंस! हे झालं बापाचं बोलणं. आता ड्रायव्हरचं ऐक.

सायलेन्सरचं एवढं कौतुक लिहिलंस, आणि गाडी उलटली तर जीव वाचवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याबद्दल एक अक्षर नाही! फाटकं बनवतो त्या वेल्डरकडून पाइप वाकवून घे. वाकवण्याआधी पाइपात वाळू ठासून भर, नाहीतर तो वाकतो तिथे चेपतो. पिंजऱ्याचे पाय नुसत्या पत्र्यावर जोडू नकोस. खालून-वरून जाड पट्ट्या लाव आणि आरपार बोल्ट टाक. इंजिनाखाली मजबूत पत्रा हवा. आणि स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायचं खूळ डोक्यात असेल तर आत्ताच काढ.

इथले ड्रायव्हर रोज विचारतात, पोरीची गाडी कुठवर आली म्हणून. मी तोंडानं म्हणतो, पोरगी वाया गेली. आणि पिंजऱ्याची चित्रं काढून त्यांना दाखवतो. आईला सांभाळून घे. तिला घाबरवू नकोस.

तुझा बाप,
सेंपाला


मासाका,
७ ऑगस्ट १९९४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पिंजरा झाला! शर्यतीच्या परीक्षकानं त्याला लोंबकळून पाहिलं, बोल्ट ठोकून पाहिले आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. गाडीला निळा रंग दिलाय.

पण बाबा, सगळं फिस्कटलं. क्योमुहेंदोला दिवस गेलेत. तिला गाडीत बसवणं शक्यच नाही. ती बिचारी माझी माफी मागत होती, मीच तिला मिठी मारली. दुसरं माणूस शेजारी नसेल तर शर्यतीत घेत नाहीत. मामाचा मुलगा एका फेरीत ओकला. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, मला अजून वेड लागलेलं नाही. उद्या सकाळी नाव काढून घ्यायला जातेय.

नबुकेरा


मासाका,
२२ ऑगस्ट १९९४

नबुकेराच्या बाबांना,
नामुतेबीचा नमस्कार वि. वि.

पोरीचं मनगट मुरगळलंय, म्हणून मी लिहितेय. घाबरू नका, नुसतं मुरगळलंय.

नाव काढायला जाण्याआधी ती गाडी धूत होती. रडत नव्हती. रडली असती तर मी समजूत घातली असती. मग मीच म्हटलं, दुसरीच्या वर्गाला इतकी वर्षं पाढे शिकवले, माझा आवाज इंजिनाच्या वर चढतो का ते तरी बघू. चढला.

शर्यतीत एका डाव्या वळणावर गाडी घसरली, बांधावर चढली आणि छतावर पडली. आम्ही दोघी सीटच्या पट्ट्यांना उलट्या लटकलो. तुमचा पिंजरा जरासुद्धा चेपला नाही हो! केळीच्या बागेतून माणसं धावत आली, त्यांनी गाडी सरळ केली. पोरगी रडत म्हणाली, आई, पुरे झालं. मला काय झालं कोण जाणे. वळणांच्या वहीतलं पान शोधलं आणि ओरडले, उजवं, लांब, उतार, चल! ती निघाली की! शेवटून दुसऱ्या आलो, पण लोकांनी अशा आरोळ्या दिल्या की वाटावं आम्हीच जिंकलो. माझा घसा अजून बसलेला आहे.

एक सांगते. लग्नापासून मी तुमच्या गाडीत मागे बसले. मांडीवर केळ्यांचा घड, पायाशी कोंबड्या. तुम्ही कधी रस्ता विचारला नाहीत, मीही सांगितला नाही. त्या दिवशी पोरगी प्रत्येक वळणाआधी ओरडत होती, आई, पुढे काय? आणि मला ते माहीत होतं.

डिसेंबरात सुट्टी घेऊन या. गाडीत तिसरी सीट नाही, हे आधीच कळवते. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची,
नामुतेबी