फेटा खुंटीवर आहे

मुरारीच्या बाबांस,

तळेगावहून सांगावा आला, आपल्या रतनला कळा लागल्या आहेत. तुम्ही पारावरून यायच्या आत गाडी निघेल, म्हणून लिहून ठेवते.

भाकरी दुधात कुस्करून वाटीत ठेवली आहे. तांब्या अर्धाच भरलाय, म्हणजे सांडणार नाही. सदऱ्याची बटणं लावूनच ठेवली आहेत, तसाच डोक्यातून घाला.

उद्याचं गेनबाच्या घरचं लग्न चुकवू नका. तुमचा फेटा बांधून खुंटीवर ठेवलाय. काल दुपारी दार लावून घेतलं आणि माझ्याच डोक्यावर बांधला. आत पदर होता, तेव्हा तुम्हाला बरोबर बसेल. तीस वर्षं बघतेय, शेमला तुमच्यासारखाच सोडलाय. परवा सकाळी तुम्ही कितीदा बांधलात आणि सोडलात, ते मला दिसत होतं. मी तांदूळ निवडत राहिले.

नवरदेवाचा फेटा तुम्हीच बांधायचा, हे गावात ठरलेलं. उद्याही बोलावतील. वैद्यांनी सांगितलेलं ते कंपवाताचं नाव तिथे काढू नका. फेट्याशेजारी हळद लावलेली चिंधी आहे. गाठ मारून ठेवलीय, उजवा अंगठा नुसता आत सारायचा. विळा लागला म्हणा. जखम आठ दिवसांत भरते, त्यामुळे कोणी फार विचारत नाही.

पुढच्या लग्नात काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.