टेकडीवरचा शिरा

प्रिय धुरपता,

'प्रिय' लिहिलं बघ. हसू नको. तुला पत्र लिहायची पाळीच कधी आली न्हाई, तू कायम हाकेच्या अंतरावर, भट्टीपाशी. आज लिहून राहिलो, कारण उद्या लातूरचा एक माणूस आपलं हॉटेल चालवायला घ्यायचे कागद घेऊन यायचा होता, अन् आज दुपारी टेकडीवर जे घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं?

आधी खरं सांगतो. मला रडू आलं न्हाई. तुझं पुण्यानुमोदन झालं, भंतेजी बोलले, बाया रडल्या, अन् मी आपला 'बसा, जेवून घ्या' म्हणत पंगतीतून फिरलो. दाढ काढायच्या आधी सुई देतेत ना, गाल आपला असून आपला वाटत न्हाई, तसं सगळं झालंय. चहा पितो, पण गोड हाय का अगोड ते कळत न्हाई.

अन् कुणी काही विचारलं की तोंडातून 'हाव' निघतं. संजू विचारतो, पप्पा, हॉटेल चालवायला देऊन टाकू? हाव. लातूरला आमच्यापाशी राहायला येताव का? हाव. तो माणूस पाटी बदलतो म्हणतो, 'हिल व्ह्यू' करायचंय, लॉन टाकायचंय, फोटो काढायला झोपाळा लावायचाय. हाव, हाव. लेकाला वाटतंय बाप शहाणा झाला. तुला तर माहीत हाय, मी उभ्या जन्मात कुणाला पहिल्या फटक्यात हाव म्हणलेला माणूस न्हाई!

पाटीचं काय घेऊन बसलाय तो? आपल्या पाटीवर 'हॉटेल शीतल' लिहिलंय, कुणी म्हणतं का? उदगीरपासून देवणीपर्यंत कुणालाही विचार, 'टेकडीवर भेटू' एवढंच म्हणतेत.

त्याला काय ठाऊक ही टेकडी कशी वसली! मी एसटी चालवायचो. चढ संपला की इंजिन तापायचं, मग कडुलिंबाखाली गाडी उभी करून पाणी टाकायचं. तू संजूला काखेत घेऊन, स्टोव्ह अन् किटली घेऊन त्या झाडाखाली येऊन बसलीस. मग काय, इंजिन तापो न तापो, मी गाडी थांबवायला लागलो. 'पाच मिनिटं, गाडी तापलीय!' कंडक्टर हसायचा, प्रवासी हसायचे, कारण माझी गाडी थंडीत सुद्धा तापायची. तू तोंडाला पदर लावून सगळ्यांसमोर म्हणायचीस, "डायवर साहेब, तुमच्या गाडीला एकदा दवाखान्यात दाखवा."

पहिल्या वर्षी लोक खाली उतरायचे, वारा खायचे, तळ्याकडं बघत उभे राहायचे अन् घरून आणलेलं पाणी प्यायचे. आपल्या हातचा चहा त्यांना चालायचा न्हाई. मी धुमसायचो, एकदोघांच्या अंगावर पण गेलो. तू म्हणायचीस, "उभं राहू द्या. वास तर येतोय ना त्यांना." अन् सुशीला करायला घेतलीस. भिजवलेले मुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, वरून कोथिंबीर. फोडणीचा वास खालच्या वळणापर्यंत जायचा. किती दिवस दम धरतील बिचारे? एकेक करून बसले. कन्नड मुलखातले ट्रकवाले आले की "ऊटा आयता?" म्हणून तू त्यांच्या बोलीत जेवण झालं का विचारायचीस, की ते खूश.

अन् ज्यांना आपलं पाणी चालत नव्हतं तीच माणसं पुढं पोरींच्या सोयरिकी जुळवायला आपल्याच टेकडीवर यायला लागली! पोरीच्या घरी नको, पोराच्या घरी नको, मधल्या मधी बरं.

तिथून तुझ्या शिऱ्याचं सुरू झालं. हात धुवायच्या निमित्तानं तू पोरीला आत बोलवायचीस अन् भट्टीपाशी उभी करून विचारायचीस, "बाई, तुझ्या मनात काय हाय?" पोरगी तयार असली की टेबलावर शिरा जायचा. नसली की तू बाहेर येऊन सांगायचीस, "आज शिरा संपला बरं का." हळूहळू सगळ्या पंचक्रोशीला कळलं, तरी तोंडानं कुणी बोललं न्हाई. शिरा संपला म्हणलं की पोराकडचे चहा पिऊन 'कळवतो' म्हणून उठायचे. पोरीला बोल न्हाई, बापाची मान खाली न्हाई.

मी मात्र तुझ्यावर ओरडायचो! हदगावहून जीप भरून आलेली माणसं उठून गेली, जेवणाची ऑर्डर बुडाली, ओरडू नको तर काय करू? "अगं, कढईत शिरा दिसून राहिला मला!" तू म्हणायचीस, "तो तुमच्यासाठी ठेवलाय, गप बसा."

आज दुपारी दोन गाड्या आल्या. पोरगी देवणीकडची, पोरगा औशाचा. पोरीची आई आत आल्या आल्या भट्टीकडं बघून म्हणली, "मावशी कुठं हायेत?" तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. बाई मटकन खुर्चीत बसली. मग हळूच म्हणली, "मामा, मला पण त्यांनीच विचारलं होतं." तिचा नवरा शेजारी बसून मान डोलवून राहिला होता. शिरा खाऊन गेलेला गडी तो!

सुशीला झाली, चहा झाला. मग सगळे आतल्या दाराकडं बघायला लागले. औशाचा पाहुणा, पोराचा बाप बी. तुझ्या हाताखाली शिकलेली वच्छला भट्टीपाशी, पण तुझं नाव निघाल्यापासून तिचे डोळे वाहत होते, तिचा काय उपयोग? शेवटी मीच उठलो. हाव, मी! "पोरी, हात धुवून घे," म्हणलो. आवाज असा निघाला की जणू स्टँडवर गाडी मागं घ्यायला सांगतोय. पोरगी दचकून आत आली.

नर्सिंग शिकलीय, अश्विनी नाव. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी विचारलं, "पोरगा पसंत हाय का?"

"हाव," म्हणली.

झालं की! माझं काम संपलं. वच्छलानं प्लेटा घेतल्या, चमचा कढईत घातला, अन् मी एकदम म्हणलो, थांब. ते 'हाव' मला वळखू आलं. धुरपता, ते माझंच 'हाव' होतं! डोळे फरशीवर, आवाजात जीव न्हाई. तू असतीस तर नुसत्या तोंडावरून वळखलं असतंस. मला तोंडं कुठं कळतेत? मला आरशातून मागची गाडी कळते.

तिला स्टुलावर बसवलं. वच्छलाला म्हणलं, बाहेर भजी पाठव, तेवढा वेळ जाईल. मग जरा दमानं बोललो. "हे बघ, मी तुझा काका न्हाई, मामा न्हाई. मला कुणाचं देणं-घेणं न्हाई. परत विचारतो. तुझ्या मनात काय हाय?"

भजी तळून झाली, बाहेर गेली. मग म्हणली, "न्हाई."

अन् नाक पुसून म्हणली, "मला आधी नोकरी करायचीय. घरी कुणी विचारलंच न्हाई. आई म्हणली, टेकडीवर मावशी विचारतील की."

ऐकलंस? आई म्हणली, मावशी विचारतील. तू एवढ्या मुलखाचं काम एकटीच्या डोक्यावर घेऊन बसली होतीस, अन् मला वाटायचं तू शिरा करतीस!

मी बाहेर गेलो. म्हणलो, "आज शिरा संपला." औशाच्या पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं, मग दारातून कढईकडं बघितलं. कढई काठोकाठ भरलेली, वाफ निघून राहिलेली! झाकण ठेवायचं कुणाला सुचलंय? म्हणलं, आता होतंय भांडण. पण तो भला माणूस चष्मा पुसत म्हणला, "हाव, संपला असंल. चहा मात्र झकास हाय." अन् लेकाला घेऊन उठला.

पोरीची आई जाताना म्हणली, "मामा, हिच्या मागं धाकटी हाय. तिच्या वेळेला परत येते." उद्या कागद हाय, हे माझ्या तोंडातून निघालंच न्हाई.

ते गेल्यावर मी त्याच स्टुलावर बसलो, अन् जे मी आठवू देत नव्हतो ते आठवलं. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणले, आता मशीनचा उपयोग न्हाई, काढायचं का? मी हाव म्हणलो. ते माझं पहिलं हाव, अन् तवापासून मी असा बंद पडलोय. मशीन काढायच्या आधी तुझ्या कानाशी वाकून विचारलं होतं मी, "धुरपता, तुझ्या मनात काय हाय?" तू काही बोलली न्हाईस. एवढी बडबडी बाई तू!

परत एकदा विचारायला पाहिजे होतं का? जरा थांबायला पाहिजे होतं का? डॉक्टर म्हणले, त्यांना ऐकूच येत नव्हतं. असंल. पण मला तुझाच राग येतो बघ. सगळ्या जगाच्या मनातलं काढून घेतलंस, अन् आपलं तेवढं सोबत घेऊन गेलीस.

संध्याकाळी संजूचा फोन आला. "पप्पा, उद्या सकाळी येऊ ना कागद घेऊन?"

"न्हाई."

"मग दुपारी?"

"तसं न्हाई रे. हॉटेल द्यायचंच न्हाई."

तो म्हणला, "पप्पा, एकटे काय करणार तिथं वर? शिरा तरी येतो का तुम्हाला?"

"वच्छलाला येतो."

"अन् तुम्ही काय करणार?"

"मी विचारीन," म्हणलो.

धुरपता, शब्द देतो. जोवर माझे गुडघे ही टेकडी चढतेत, तोवर इथं आलेल्या हरेक पोरीला मी विचारीन. आवाज खाली ठेवीन. हाव म्हणली तरी तेवढ्यावर सोडणार न्हाई, बसवून परत विचारीन. रडू मला अजून बी आलं न्हाई. आलं की कळवतो.

अन् तुला बी विचारीत राहीन.

तुझा,
लिंबाजी