मार्थाने धाडलेली बाई

नागपूर, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

आज वॉर्डात कुहीकडची एक बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली. म्हणाली, "मले मार्थाबाईनं धाडलं."

मार्था! माझी धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी नर्सिंगचं शिक्षण अर्धवट टाकून पेंटेकॉस्टल पंथाच्या ख्रिस्ती मंडळींबरोबर खेडोपाडी निघून गेली. त्यांची ना शाळा, ना दवाखाना. गाणी म्हणायची, येशूची साक्ष द्यायची, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. "ताप हाताने उतरत नाही, मार्थे!" असं मी तिला सगळ्यांदेखत बोलले होते. तेव्हापासून पत्र नाही.

आणि लहानपणी मी तापले की हीच तर कपाळावर गार हात ठेवून बसायची. तेव्हा बरं वाटायचंच ना मला? मग तसं का बोलले मी?

बाईला विचारलं, "तिने प्रार्थना नाही केली?"

"केली ना, बाई. पोराच्या डोक्यावर हात ठेवून रडली बी. मंग म्हणे, आता नागपूरले जाय वं, तिथं दवाखान्यात माही ताई हाय. तिच्या हाताले गुण हाय."

मी पोराला तिच्या कडेवरून घेऊन खाटेवर निजवलं.

संध्याकाळी पोराचा ताप उतरला. मेट्रनकडे रविवारची रजा मागितली आहे. कुहीला जाते.