बिनखिळ्याची पेटी

तीर्थस्वरूप दाजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने इकडे आम्ही तिघेही धडधाकट आहोत. माझा डावा अंगठा सोडला तर घरात कुणाचीच तक्रार नाही. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढता येतो का? अक्काचा खोकला गेला असेलच. तिला सांगा, तिचा भाऊ वेळेवर जेवतो, सकाळची प्रार्थना चुकवत नाही आणि वाळला म्हणावं असाही झालेला नाही. तुमची बारीक दातांची करवतसुद्धा खुशाल आहे. इतकी सुरक्षित जागा तिला तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यातही कधी मिळाली नसेल.

हे पत्र मदत मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या ओसरीवर पाच माणसांदेखत तुम्ही म्हणालात, "तुझे हात फायलीला दोरी बांधायचे. तू केलेली पेटी आठ दिवसांत उकलेल." वर ती करवतही माझ्या हातात ठेवलीत, लहान मुलाला खुळखुळा द्यावा तशी. मी तेव्हा बोललो नाही, कारण अक्का वाढत होती आणि भरल्या ताटावर भांडू नये असं मला शाळेत शिकवलं आहे. पण त्याच घासाबरोबर मी ठरवलं, की लेक नोकरीच्या गावी निघेल तेव्हा तिची पुस्तकं आणि कागदपत्रं बापाने केलेल्या लाकडी पेटीतूनच जातील, आणि त्या पेटीत एकही खिळा असणार नाही. लेक येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. तुमच्या मेहुण्याची बायको मात्र दूरदृष्टीची. तिने महिन्यापूर्वीच प्लास्टिकचा एक निळा डबा आणून दाराआड ठेवला आहे. मी पेटीजवळ बसलो की ती त्या डब्याचं झाकण उघडून पाहते आणि परत लावते. ते 'टक' असं वाजतं.

आता लाकडाचं ऐका. वखारवाल्याने मला दारातच ओळखलं (म्हणजे माझं नाव-गाव नव्हे, कोणत्या जातीचं गिऱ्हाईक आलं आहे ते). सागाचा भाव ऐकून मी नुसतीच मान डोलावली, जणू मला साग आवडतच नाही. मग त्याने आंब्याच्या फळ्या काढल्या आणि म्हणाला, कालच कापलंय, एकदम ताजं आहे. दाजी, मी खेड्यात वाढलेला माणूस. दूध ताजं, भाजी ताजी, मग लाकूडही ताजंच चांगलं असणार, असं मनाने घेतलं. फळ्या खांद्यावर घेतल्या तेव्हा सदऱ्यावर ओल उतरली, ती मला घामाची वाटली. पंधरा दिवसांत त्या पेटीच्या चारही बाजू एकमेकींवर रुसल्यासारख्या चार दिशांना वळल्या. कोपऱ्यांतून करंगळी आरपार जाते. सध्या तिच्यात कांदे आहेत. हवा खेळती राहत असल्याने एकही सडत नाही, आणि ही पेटी मी कांद्यांसाठीच केली होती असं मी शेजाऱ्यांना सांगितलं आहे. (हे खोटं आहे. देवापुढे मी ते कबूल केलं आहे. शेजाऱ्यांपुढे करणार नाही.)

दुसऱ्या खेपेला वखारीचं तोंड पाहिलं नाही. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीन वर्षांपूर्वी नवा पंप आला होता. त्याचं पाइनचं खोकं मागच्या छपराखाली धूळ खात पडलं होतं. साहेबांची लेखी परवानगी घेऊन ते सोडवलं. लाकूड हलकं, पण कोरडं ठणठणीत. बोटाच्या पेराने ठोकलं की दार वाजवल्यासारखं वाजतं, आत कुणीतरी असावं असं. जे लाकूड तीन उन्हाळे-पावसाळे काढून बसलं आहे ते आता आणखी कुठे वळणार? माणसाचंही तसंच असावं. पन्नाशीला आलेल्या माणसाला आता कुणी वाकवू म्हणेल तर तो वाकत नाही.

राहिला सांध्याचा प्रश्न. पहिल्या पेटीला मी धीर सुटून, स्वतःचाच पण मोडून खिळे मारले होते. दर तिसऱ्या खिळ्याला फळीचं टोक फाटलं आणि एकदा अंगठा. नुसता सरस लावून काठाला काठ टेकवून पाहिला, तर रात्रीत सुटला. तेव्हा सकाळी प्रार्थनेला हात जोडताना माझं लक्ष हातांकडे गेलं. नुसते तळवे टेकवले तर कुणीही येऊन ते विलग करील. बोटांत बोटं गुंतवली तर मात्र ओढणाराच दमतो. (प्रार्थनेत सुतारकाम आठवणं बरं नव्हे हे मला कळतं, पण हे तिथूनच सुचवलं गेलं असेल तर मी कोण नाही म्हणणार?) मग चारही फळ्यांच्या टोकांना तुमच्या करवतीने बोटं कापली. हात दुखून आले, पण ती बोटं एकमेकांत अशी बसली की सरस लावायच्या आधीच पेटी उभी राहिली. (एका ठिकाणी फट राहिली होती, तिथे सरसात भुसा कालवून भरला आहे. ती जागा तुम्हाला सापडणार नाही. सापडलीच तर ती मागच्या बाजूला, खाली डावीकडे आहे.)

झाकणासाठी मात्र मी तुमचीच रीत धरली. आधी सहाही बाजू बंद करायच्या आणि मग वरून चार बोटं खाली चौफेर करवत फिरवून झाकण सोडवायचं, म्हणजे पेटी आणि झाकण एका आईची लेकरं दिसतात. तुमचा दुसरा नियमही पाळला. हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही, त्याला कुणाचा पाय लागता कामा नये. एकदा मी तुमची करवत ओलांडली होती तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, ते मी विसरलेलो नाही. इथे खोली लहान, टेबलावर फळी, खाटेवर लेकीची पुस्तकं. तरीही तुमची करवत मी एकदाही जमिनीवर ठेवली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

काल संध्याकाळी सहावी बाजू बसवली. सरस लवकर धरतो म्हणून फार घाई केली, वर दोन पाटे ठेवले आणि रात्रभर हात लावला नाही. आज सकाळी मी तिच्यावर उभा राहिलो. नंतर बायकोलाही उभं केलं. कुई नाही की कुरकुर नाही. तेव्हा दाजी, ओसरीवरच्या त्या पाचही जणांना सांगा, की ही पेटी उकलत नाही. आठ दिवसांत काय, सकाळपासून दुपारपर्यंत अंगातलं सगळं बळ लावलं तरी उकलत नाही.

अक्काला नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (हा एक विषय सोडून),
मेहुणा

ता. क. तुमची करवत पेटीत आहे. जमिनीवर ठेवायची नाही म्हणून, सरस लावताना ती अर्धवट झालेल्या पेटीत ठेवली होती. बाकी तुमच्या लक्षात आलंच असेल. पेटी हलवली की आतून बारीक आवाज येतो. माझी बाजारातली करवत चालवून पाहिली, पण ती वाकडी धावते, आणि आत दोघींनी एकमेकींना दात लावले तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू? कोपऱ्यावरचा फर्निचरवाला म्हणाला, तळाला हातोडा घाला, दोन मिनिटांचं काम. मी त्याला चहा न विचारता परत पाठवलं. तुम्ही शुक्रवारपर्यंत दुसरी बारीक करवत घेऊन या. गुडघा दुखत असेल तर गाडीने या. आवाजावरून करवत कुठे पडली आहे ते तुम्हालाच कळेल.

आणखी एक. हे पत्र लेकीने वाचलं. ती म्हणाली, "बाबा, आतोबा येईपर्यंत मी निळ्या डब्यातच भरते. पण झाकण लावत नाही." दुपारपासून घरात 'टक' असा आवाज झालेला नाही.

शेवटचं. हसायचं असेल तर वाटेतच हसून घ्या. आणि पक्कड आणू नका. काढायला आत एकही खिळा नाही.