आमच्या मेंबरच्या हजेरीचा फळा

१२ मार्च १९७४

आजपासून नवी ड्यूटी. पलटणीत क्लार्क होतो तेव्हा कोण हजर, कोण गैरहजर, कोण आजाराचं सोंग घेऊन पडलाय, हे माझ्या नजरेतून कधी सुटलं नाही. पेन्शनीत आल्यापासून ही नजर नुसती गंजत चालली आहे. घरात वापरावी तर हिला आवडत नाही.

आमच्या भागातून पंचायत समितीवर निवडून गेलेले आकारामबापू तिकडे काय दिवे लावतात? सभेला जातात का? गेले तर कशाला हात वर करतात? भत्ता कशाकशाचा उचलतात? कुणी विचारतं का? नाही. आता मी विचारणार. शाळेतला एक टाकाऊ फळा हेडमास्तरांकडून मागून आणलाय.

१४ मार्च

फळा चावडीसमोर टांगला. वर ठळक लिहिलं: 'आपला मेंबर काय करतो?' खाली रकाने: हजेरी, मत, खर्च. दिवसभर माणसं येऊन बघून गेली. एकाने विचारलं, हवालदार, मटक्याचा आकडा कुठल्या रकान्यात? लोकशिक्षणाला वेळ लागतो.

संध्याकाळी वरच्या वस्तीवरचा धुळा आला. मेंढरं राखणारा माणूस, अक्षरओळख नाही. फळा खालून वर बघितला आणि म्हणाला, "ह्येनं पानी मिळंल का?"

प्रश्न बरोबर आहे. वस्तीवर पाणी नाही. उन्हाळा लागला की बायका माळ उतरून आमच्या मळ्यातल्या विहिरीवर येतात, दोराने ओढतात आणि डोक्यावर घागरी घेऊन तो चढ चढतात. धुळाची बायको अंबूबाई मागच्या उन्हाळ्यात घागरीसकट पडली आणि पोटातलं मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. यंदा समितीकडे एकच हातपंप शिल्लक आहे. वस्तीला मिळेल, नाहीतर ओढ्यापलीकडच्या गावाला. मे महिन्यात मतावर ठरणार.

धुळाला शब्द दिला. बापूंचा हात वस्तीसाठी वर होतो की नाही ते मी जातीने बघणार. त्याने माझ्या पायाला हात लावायला बघितलं, मी लावू दिला नाही. (जरा उशिरा अडवलं, पण अडवलं.)

२९ मार्च

तालुक्याला जाऊन सभा बघितली. आम्हाला बसायला बाक दिला तो दाराबाहेर. आतलं अक्षर ऐकू येत नाही, खिडकीतून फक्त हात दिसतात. बापूंचा हात सारखा वर. आधी ठरावाच्या बाजूने. मग बहुधा त्याच ठरावाच्या विरोधात. मग शिपायाला चहा सांगायला. फळ्यावर लिहिलं, 'मत: उत्साहाने दिले.'

येताना बापूंनी फटफटीवर मागे घेतलं. भत्त्याचं आज विचारायचंच असं ठरवून गेलो होतो. पण त्यांच्याच फटफटीवर त्यांच्याच कमरेला धरून भत्त्याचं काढणं बरं दिसेना. त्यातून खड्डे फार. खर्चाचा रकाना पुढच्या खेपेला.

१८ एप्रिल

बापू कालच्या सभेला नव्हते! चौकशी केली. आष्ट्याला लग्नाला गेले होते. त्याआधी एका सभेला गेले नाहीत ते कुणाच्या तरी बारशामुळे. म्हणजे आम्ही यांना निवडून दिलं ते काय घुगऱ्या खायला?

पण दोष एकट्या बापूंचा नाही. आमची माणसंही अशी, की पुढारी आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत. नवरा-नवरी घामाने भिजलीत, भटजींचा घसा बसलाय, आणि वऱ्हाड मान वळवून फटफटीचा धुरळा दिसतोय का बघतंय. शरमेची गोष्ट आहे. फळ्यावर खरमरीत लिहिलं: 'लग्नात मेंबर बोलावणारांनो, लाज बाळगा!'

हिने विचारलं, आपल्या बनाबाईचं ठरलं म्हणजे कुणाला बोलावणार? म्हटलं, पाहुण्यांना. ही हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

२५ एप्रिल

आमच्या लेकीचं, बनाबाईचं जमलं! स्थळ फलटणचं, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरचा ऊस. बैठकीत व्याही फार ऐटीत बोलायला लागले. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक कार्याला दोन दोन चेअरमन. मला राहवलं नाही. बोलून गेलो की आमचे आकारामबापू म्हणजे घरचेच, माझ्या शब्दाबाहेर नाहीत. व्याही एकदम सावरून बसले.

आता पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' म्हणून बापूंचं नाव घालणं भाग आहे. हे काही बोलावणं नव्हे. ही नुसती छपाई. मुहूर्त १४ मे, दुपारी बारा वीस.

फळ्यावरची लाजेची ओळ ओल्या फडक्याने पुसली. तशीही ती पुसट झाली होती.

२ मे

समितीची सभा १४ मेला. दुपारी बारा वाजता. हातपंपाचा ठराव त्याच सभेत.

बापू स्वतः घरी आले. म्हणाले, नानासो, पंपाचं माझ्या एका मतावर अडलंय, दोन्हीकडची माणसं सारखी आहेत. लग्न गोरज मुहूर्तावर घ्या, सभा संपवून सरळ मांडवात येतो. फलटणकरांचीही गोरजाला ना नाही, असा निरोप त्यांनी आधीच मिळवला होता. माणूस वाटतो तेवढा आळशी नाही.

पण पत्रिका छापून झाल्यात. आणि संध्याकाळच्या अंधारात मेंबर आलेला दिसणार कुणाला? गॅसबत्त्या असतात, ते खरं. तरी दुपारचं ते दुपारचं.

बापूंना म्हटलं, पत्रिकेत तुमचं नाव आहे. शिवाय फळा माझ्या हातात आहे, हेही ध्यानात ठेवा. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, येतो. ही धमकी होती का? नव्हती. आठवण होती. रात्री मला जेवण मात्र गेलं नाही.

९ मे

शांतपणे विचार केला तर अडचण काहीच नाही. सरकारी बारा म्हणजे दीड. बापूंनी अक्षता टाकायच्या, फटफटीला किक मारायची, आरामात पोचतात. जेवायचा आग्रह करायचा नाही. पक्कं! हिलाही बजावून ठेवलं. ही म्हणाली, मी करतच नाही आग्रह, तुम्ही स्वतःला बजावा.

धुळाला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुमी हाय म्हंजी मला काय घोर न्हाई, हवालदार." असं बोलायची त्याला काही गरज नव्हती. अंबूबाईला सातवा लागलाय म्हणे. मी विचारलं नव्हतं.

१५ मे

लग्न झकास झालं.

बापूंना यायला जरा उशीर झाला. अंतरपाट धरणारांचे हात भरून आले. भटजींकडून मंगलाष्टकं पुन्हा म्हणवून घेतली. कुणीतरी मागून ओरडलं, हवालदार, लाज बाळगा! सगळा मांडव हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार? मग धुरळा दिसला. बापू आले. व्याही खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि माझी छाती फुगली. नाकारून काय उपयोग? फुगली.

अक्षता पडल्या. बापू घड्याळ बघत निघाले. जाऊ द्यायचं, एवढंच माझं काम होतं. पण व्याही शेजारीच उभे, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आवं बापू, लेकीच्या मांडवातनं उपाशीपोटी जाता व्हय?" झालं. असं म्हटल्यावर आमच्याकडे कुठला माणूस जाईल? बापू बसले. जिलेबीचा घास मी माझ्या हाताने भरवला. पंगतीत पाणी वाढायला धुळा होता. बापूंचा तांब्या त्यानेच भरला. पाणी सकाळी वस्तीवरच्या बायकांनी ओढून दिलं होतं.

सरकारी बारा या वेळी बरोबर बारालाच वाजले. मतं समसमान पडली आणि सभापतींच्या एका जादा मताने हातपंप ओढ्यापलीकडे गेला.

१६ मे

डोकं दुखतंय. जागरणाने असेल. बनाबाई गेल्याने घर सुनं झालंय, त्यामुळेही असेल. फळ्याकडे गेलो नाही.

१७ मे

ड्यूटी म्हणजे ड्यूटी. फळ्यावर लिहिलं: 'मेंबर गैरहजर. कारण: कौटुंबिक.' खडू ठेवून वळलो तर मागे धुळा. म्हणाला, वाचून दावा. वाचलं. "कुनाच्या कुटुंबाचं?" म्हटलं, असेल कुणाच्या तरी.

तो म्हणाला, "आमी समदी हुतो की मांडवात. बापूंना जिलबी लय आवाडली."

टोमणा नव्हता तो. टोमणा मारला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी जोरात भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तो आपला उभाच. म्हटलं, धुळा, चुकलं रं माझं. हे मी खरंच म्हणालो, हळू म्हणालो, पण म्हणालो. बापूंचं मत मीच अडवलं. लाज वाटते.

धुळाने घोंगडी झटकून पुन्हा खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "आवं, मेंबराचं ऱ्हाऊ द्या आता. तुमचं हिरीवरचं इंजान कवा चालू हुतं त्येवढं सांगा. पायपाखाली घागर धरली तर अंबूला दोर वडाय नगं." एवढी साधी गोष्ट मला आजवर कुणी सुचवली कशी नाही? गाव अडाणी, दुसरं काय!

१८ मे

फळा स्वच्छ धुतला. रकाने आखले नाहीत. लिहिलं: 'वस्तीसाठी इंजिन, उद्यापासून रोज सकाळी सात वाजता. स्वतः हजर: नानासो, माजी हवालदार.' धुळाला तोंडी सांगितलं, त्याने वस्तीवर सांगितलं. ही म्हणाली, हँडल मारायला मी जाते, मला जमतं. साफ नाही म्हटलं. ही जबाबदारी माझी. तिला विहिरीकडे फिरकूही नको असं बजावलं.

आता मन हलकं आहे. मेंबरवर विसंबून राहण्यापेक्षा एका माणसाने मनावर घेतलं तर काय होतं ते गाव बघेल.

१९ मे

पहाटेच उठलो. पहिला दिवस म्हणून इस्त्रीचा सदरा घातला. सातच्या आत निघालो, याला ही साक्षीदार आहे.

वाटेत आमच्या आळीतल्या जोतिबाच्या दारात मांडव. नातवाचं जावळ होतं. जोतिबा रस्त्यातच आडवा आला, म्हणाला, हवालदार, तुमच्यासाठीच खोळंबलोय, तुमचा हात लागल्याबिगर कातर लावायची न्हाई. खुर्ची पुढे आली. नारळ हातात आला. नाही कसं म्हणायचं? नुसतं टेकलो. मग शिरा आला. मग चहा.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. इंजिन बंद. वस्तीवरच्या साऱ्या बायका विहिरीवर, आणि अंबूबाई ते एवढं पोट घेऊन काठावर पाय रोवून दोर ओढत होती. माझा इस्त्रीचा सदरा, कपाळावरचा गुलाल, हातातला नारळ, सगळं तिने बघितलं. दोर सोडला नाही. बाकीच्यांना म्हणाली, "आलं बगा मेंबर."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी नारळ खाली ठेवला आणि घाईघाईने हँडल मारलं. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. घागरी सगळ्या भरून झाल्या होत्या.